सिक्युरिटी एजन्सीचा परवाना नाकारला, थांबवला किंवा रद्द केला, त्याचे कागद कसे मिळवायचे? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेटवरचा वॉचमन कुठल्या एजन्सीचा, हे त्याच्या शर्टावरच्या पट्टीवरून कळतं. त्या एजन्सीचा परवाना चालू आहे का, कधी निलंबित झाला होता का, नूतनीकरण कुठे अडलं होतं, हे मात्र कुणी आपणहून सांगत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी, पगार अडकलेले रक्षक आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे बातमीदार यांच्याकडून वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्र डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत.

एजन्सीला परवाना कोण देतं?

खासगी सुरक्षा एजन्स्यांसाठी केंद्राचा २००५ चा कायदा आहे. बोलताना सगळे त्याला ‘पसारा’ (PSARA, इंग्रजी नावाचं लघुरूप) म्हणतात. तो १५ मार्च २००६ पासून लागू झाला. केंद्राचा असला तरी परवाना राज्य देतं. गृह विभागातला सहसचिव किंवा त्याच्या बरोबरीच्या दर्जाहून खाली नसलेला अधिकारी ‘नियंत्रक प्राधिकारी’ म्हणून नेमलेला असतो. अर्ज, पोलीस पडताळणी, तपासणी, निलंबन, रद्द करणं अशी सगळी फाईल त्याच्या नावाने चालते. परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका जिल्ह्यासाठी, पाच जिल्ह्यांपर्यंत किंवा पूर्ण राज्यासाठी मिळतो. परवान्याशिवाय धंदा केला तर एक वर्षापर्यंत कैद, २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

परवान्याची प्रत एजन्सीने आपल्या कार्यालयात ठळक जागी लावायची असते. माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसण्याआधी तिथे जाऊन ती बघा आणि परवाना क्रमांक व मुदत टिपून घ्या. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि बहुतेकजण नेमकं हेच करत नाहीत.

एजन्सी म्हणते, ‘आम्ही आयएसओ आहोत’. मग परवाना वेगळा कशाला बघायचा?

कारण दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. आयएसओ प्रमाणपत्र खासगी प्रमाणन संस्था देते, आणि एजन्सीने पैसे मोजून ते घेतलेलं असतं. ते मागे घेतलं गेलं तरी त्या खासगी संस्थेला माहितीच्या अधिकाराखाली जाब विचारता येत नाही. परवाना ही सरकारची मान्यता आहे. ती हुकली की सरकारी कागद तयार होतो, आणि तो तुम्ही मागू शकता.

महाराष्ट्रात तिसराही एक प्रकार आहे. राज्याच्या १९८१ च्या खासगी सुरक्षारक्षक कायद्याखाली सुरक्षारक्षक मंडळं आहेत. मंडळाचे नोंदणीकृत रक्षक वेगळे आणि एजन्सीचे रक्षक वेगळे. एजन्सीच्या रक्षकांना त्या कायद्यातून सूट मिळालेली असेल तर तिची अधिसूचना राजपत्रात असते. ‘आमच्याकडे सूट आहे’ असं एजन्सी म्हणाली, तर राजपत्राची तारीख विचारा.

‘मान्यता हुकली’ म्हणजे नेमकं काय काय होऊ शकतं?

लोक ‘परवाना रद्द झालेल्या एजन्स्यांची यादी’ मागतात आणि उत्तर येतं : निरंक. एजन्सी स्वच्छ असल्याचा हा पुरावा नव्हे. रद्द करणं हे शेवटचं टोक आहे, आणि बरीच प्रकरणं तिथवर पोचण्याआधीच वाट बदलतात.

पहिला प्रकार : मूळ अर्जच नाकारला. कायद्याच्या कलम ७ प्रमाणे अर्जदाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय आणि आदेशात कारण नोंदवल्याशिवाय नकार देता येत नाही. म्हणजे नकाराचा कारणासहित आदेश असलाच पाहिजे. दुसरा : नूतनीकरण नाकारलं. मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करायचा असतो. इथे सरळ नकार मिळण्यापेक्षा त्रुटींचं पत्र जातं, त्याला उत्तर येत नाही आणि परवाना आपसूक संपतो. कुठेही ‘रद्द’ हा शब्द लिहिला जात नाही. माझ्या मते खरी गफलत या प्रकारात सापडते, कारण मधल्या काळात रक्षक मात्र गेटवर उभेच असतात.

तिसरा प्रकार निलंबनाचा. रद्द करण्याचा प्रश्न विचाराधीन असताना नियंत्रक प्राधिकारी कारणं लिहून ३० दिवसांपर्यंत परवाना स्थगित ठेवू शकतो, आणि ही स्थगिती पुढे का वाढवू नये असं एजन्सीला विचारतो. चौथा प्रकार म्हणजे कलम १३ खाली रद्द करणं. त्याची कारणं कायद्यातच दिली आहेत : खोटी कागदपत्रं, माहिती लपवणं, दुसऱ्याच नावाने धंदा करणं, लेटरहेडवरून आपण सरकारी असल्याचा भास निर्माण करणं, कायद्याच्या अनुसूचीतल्या कामगार कायद्यांचा भंग, रक्षकांकडून वारंवार घोर निष्काळजीपणा, मालमत्तेची अफरातफर किंवा गुन्ह्यात सहभाग. यादी लांब आहे. रक्षक सतत दारू पिऊन असणं हेसुद्धा तिच्यात आहे.

म्हणून अर्जात फक्त ‘रद्द’ हा एकच शब्द धरून बसू नका.

सरकारने ही माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायला नको का?

करायला हवी. माहितीचा अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून जाहीर करायच्या बाबी दिल्या आहेत. सवलती, परवाने, प्राधिकारपत्रं ज्यांना दिली त्यांचा तपशील त्यात आहे. म्हणजे चालू परवान्यांची यादी मिळायला अर्जाची गरजच पडायला नको. ज्यांना परवाना नाकारला किंवा ज्यांचा काढून घेतला, त्यांच्याबद्दल या तरतुदीत वेगळा शब्द नाही, आणि तिथेच फट राहते. यादीत काल असलेलं नाव आज दिसत नसेल, तर का दिसत नाही हे यादी सांगत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो.

अर्जात नेमकं काय मागू?

मत मागू नका, कागद मागा. ‘अमुक एजन्सी बेकायदेशीर आहे काय?’ या प्रश्नाला ‘ही बाब माहितीच्या व्याख्येत येत नाही’ असं उत्तर येणार, आणि ते चूकही म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात, स्पष्ट केलं आहे की जी माहिती कार्यालयाच्या दप्तरी आहे ती द्यायची. नवी माहिती तयार करून देणं किंवा निष्कर्ष काढून देणं हे कार्यालयाचं काम नाही.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करायचा असतो. विषय एकच आणि शब्द साधारण १५० च्या आत. मसुदा असा ठेवता येईल :

‘विषय : (एजन्सीचं नाव, परवाना क्रमांक) हिच्या परवान्यासंबंधी कागदपत्रे. कालावधी : १ जानेवारी २०२१ ते आजपर्यंत. तपशील : खासगी सुरक्षा एजन्सी कायदा, २००५ खालील पुढील कागदांच्या प्रती. (१) कलम ७ किंवा ८ खाली अर्ज वा नूतनीकरण नाकारल्याचे आदेश आणि त्रुटीपत्रे. (२) कलम १३ खालील कारणे दाखवा नोटिसा, त्यांवरील खुलासे, निलंबन वा रद्द करण्याचे आदेश. (३) कलम १६ खालील तपासणीचे अहवाल. (४) कलम १४ खालील अपिलावरील निर्णय. (५) वरील प्रकरणांतील नस्तीचा टिपणी भाग.’

पाचवा मुद्दा विसरू नका. आदेश छापील साच्यातला असू शकतो. कुणी काय शेरा मारला, फाईल किती दिवस कुणाच्या टेबलावर होती, हे टिपणीत दिसतं.

एखादाच आदेश हाती लागला. पुढचे कागद कसे शोधू?

आदेशाच्या डोक्यावर ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ असा मथळा असतो. लोक तो भाग सोडून थेट शेवटच्या परिच्छेदावर उडी मारतात. प्रकरणाची सगळी वंशावळ त्या मथळ्याखाली असते : पोलीस आयुक्तालयाच्या अहवालाचा जावक क्रमांक, नोटिशीची तारीख, एजन्सीच्या खुलाशाचं पत्र, सुनावणीचा दिवस. दुसऱ्या अर्जात हेच क्रमांक आणि तारखा जशाच्या तशा लिहा. ‘आपल्या आदेशातील संदर्भ क्रमांक ३ ची प्रत’ असं मागितल्यावर ‘कोणती माहिती हवी ते स्पष्ट होत नाही’ हा शेरा मारायला जागा उरत नाही.

अर्ज कुठे पाठवायचा, पैसे किती, दिवस किती?

नियंत्रक प्राधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. कार्यालय चुकलं तरी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज योग्य ठिकाणी वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. शुल्क १० रुपये. हाताने द्यायच्या अर्जावर कोर्ट फी स्टँप चालतो, आणि राज्याचं ऑनलाइन पोर्टलही आहे. प्रतींचे पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क माफ आहे, पण दाखला जोडावा लागतो. मुदत ३० दिवस. मुदत उलटून गेल्यावर माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते.

‘ही त्रयस्थ पक्षाची माहिती आहे’ म्हणून नाकारलं. आता?

सगळ्यात जास्त वेळा येणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जाणारा नकार हाच.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ११ काय म्हणतं ते नीट बघा. माहिती त्रयस्थाशी (म्हणजे अर्जदार आणि कार्यालय सोडून तिसऱ्याशी, इथे एजन्सीशी) संबंधित असेल किंवा त्याने दिलेली असेल, आणि त्याने ती गोपनीय मानली असेल, तर अधिकाऱ्याने पाच दिवसांत त्याला कळवायचं. त्याला म्हणणं मांडायला दहा दिवस मिळतात. मग अर्ज आल्यापासून ४० दिवसांच्या आत अधिकाऱ्याने स्वतः निर्णय घ्यायचा. एजन्सीने ‘देऊ नका’ म्हटलं की विषय संपला, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. तिचं म्हणणं विचारात घ्यायचं असतं, ती परवानगी नसते. कायद्याने संरक्षण दिलेली व्यापारी गुपितं सोडली, तर सार्वजनिक हित एजन्सीच्या नुकसानीहून मोठं असल्यास माहिती देता येते.

याहून मोठा मुद्दा असा की कारणे दाखवा नोटीस एजन्सीने लिहिलेली नसते. निलंबनाचा आदेशही तिने दिलेला नसतो. ते सरकारने आपल्या अधिकारात काढलेले कागद आहेत. स्वतःविरुद्धचा सरकारी आदेश एजन्सी ‘आमचा गोपनीय दस्तऐवज’ कसा म्हणणार? अपिलात हा प्रश्न याच शब्दांत विचारा. खुलाशाचं पत्र मात्र तिने दिलेलं असतं, तिथे तिची हरकत थोडी तरी टिकते.

नकाराच्या पत्रात पाच दिवसांची नोटीस कधी दिली, याची तारीखच नसते असंही होतं. नोटीस न देता त्रयस्थाचं कारण पुढे केलं असेल, तर ती प्रक्रियाच चुकलेली आहे.

आणखी कोणती कारणं पुढे केली जातात?

व्यापारी गोपनीयता, कलम ८(१)(घ). एजन्सीचे दर, ग्राहकांची यादी, कराराच्या अटी यांना हे लागू शकतं. परवाना का थांबवला, हे व्यापारी गुपित होत नाही.

चालू तपास, कलम ८(१)(ज). नुसता तपास चालू आहे म्हणून भागत नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल, हे अधिकाऱ्याने दाखवावं लागतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच असं सांगितलं आहे. शिवाय आदेश निघाला असेल तर त्या मुद्द्यावरचा तपास संपलेलाच असतो.

वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(ञ). इथे नियम बदलला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे हे कलम नोव्हेंबर २०२५ पासून आखूड आणि जास्त कडक झालं. पूर्वी त्यातच असलेली सार्वजनिक हिताची कसोटी गेली. कलम ८(२) मधली सार्वजनिक हिताची तरतूद अजून आहे, पण आता हित कोणतं ते तुम्हालाच मांडावं लागेल. रक्षकांचे पत्ते, आधार क्रमांक, मालकाच्या घरचे तपशील मागूच नका. ते काळे करून उरलेला कागद द्यावा अशी कलम १० खालची विनंती अर्जातच लिहून टाका.

सुरक्षेचा प्रश्न. कुठल्या इमारतीत रात्री किती रक्षक असतात, रोकड गाडी कुठल्या रस्त्याने जाते, हत्यारं कुठे ठेवतात, ही माहिती नाकारली तर ते रास्त आहे. मी स्वतः असा अर्ज करणार नाही. परवान्याच्या आदेशाला मात्र ही ढाल लागत नाही. आणि कलम २४ मधली ‘सुरक्षा संघटना’ म्हणजे शासनाने अधिसूचित केलेली संघटना, खासगी वॉचमन एजन्सी नव्हे.

तपासणी अहवाल मिळतो का?

मागायचा, आणि मागताना रिझर्व्ह बँकेच्या प्रकरणाचा आधार घ्यायचा. १६ डिसेंबर २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की रिझर्व्ह बँक आणि ती ज्यांच्यावर देखरेख ठेवते त्या बँका यांच्यात विश्वासाश्रित नातं (एकाने विश्वासाने सोपवलेलं दुसऱ्याने जपायचं, असं नातं) नाही, त्यामुळे तपासणी अहवाल त्या कारणासाठी दडवता येत नाहीत. बँकांनी नंतर या निकालाला पुन्हा आव्हान दिलं आहे, तेव्हा तो शेवटचा शब्द समजू नका. पण नियंत्रक ज्याची तपासणी करतो त्याचा तो विश्वस्त नसतो, हा युक्तिवाद सुरक्षा एजन्सीच्या तपासणीलाही तितकाच लागू पडतो.

प्रशिक्षणाच्या नोंदी या अहवालात बघण्यासारख्या असतात. केंद्राच्या आदर्श नियमांत रक्षकासाठी १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामावर असं, किमान २० कामाच्या दिवसांत विभागलेलं प्रशिक्षण सांगितलं आहे. महिन्याच्या १ तारखेला भरती आणि ३ तारखेला ड्यूटी अशी नोंद दिसली, तर बाकी काही वाचायची गरज उरत नाही.

थेट एजन्सीलाच माहिती अधिकाराचा अर्ज केला तर?

नाही चालणार. ती सार्वजनिक प्राधिकरण नाही. पण एक वळसा आहे. माहितीच्या व्याख्येत, दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली सरकारला खासगी संस्थेकडून जी माहिती घेता येते, तीही धरली आहे. पसारा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे एजन्सीने व्यवस्थापक, रक्षक, पगार आणि ग्राहक यांची नोंदवही ठेवायची असते, आणि नियंत्रक प्राधिकारी तिच्याकडून माहिती मागवू शकतो. तेव्हा ‘ही माहिती आमच्याकडे नाही, एजन्सीकडे आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.

आमची सोसायटी एजन्सीचे कागद दाखवत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१३ च्या निकालानंतर सहकारी संस्था सरसकट सार्वजनिक प्राधिकरण मानल्या जात नाहीत. म्हणून सेक्रेटरीला माहिती अधिकाराचा अर्ज देऊन उपयोग नाही. सभासद म्हणून सभेची इतिवृत्तं बघण्याचा हक्क सहकार कायद्यानेच दिला आहे, तो वापरा. ज्या सभेत एजन्सी नेमली त्या सभेत परवान्याची प्रत ठेवली होती का, हे इतिवृत्तात दिसेल.

एजन्सी सरकारी दवाखान्यात किंवा महापालिकेत काम करते. काही वेगळा मार्ग?

हा मार्ग उलट सोपा आहे. निविदा भरताना एजन्सीने तांत्रिक लिफाफ्यात परवाना, आयएसओ, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयची (राज्य कामगार विमा) कागदपत्रं दिलेली असतात. ती त्या कार्यालयाच्या दप्तरी आहेत. निविदा फाईलच मागा, किंवा प्रत्यक्ष अवलोकनासाठी वेळ मागा. जाड फाईल असेल तर अवलोकन बरं पडतं : बसून चाळायची, हवी तेवढीच पानं खुणा करून घ्यायची. परवान्याची मुदत आणि कार्यादेशाची तारीख शेजारी ठेवून वाचा.

केंद्र सरकारच्या खात्यांत काळ्या यादीचीही सोय आहे. सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधल्या नियम १५१ प्रमाणे सचोटीच्या संहितेचा भंग करणाऱ्या पुरवठादाराला दोन वर्षांपर्यंत निविदेतून दूर ठेवता येतं आणि अशी यादी संकेतस्थळावर टाकायची असते. काळ्या यादीत गेलेल्या एजन्सीचा परवाना शाबूत असू शकतो, हे ध्यानात ठेवा. दोन्हीकडे स्वतंत्रपणे बघायचं.

‘फाईल सापडत नाही’ असं लेखी आलं.

फाईल न सापडणं हे माहिती नाकारण्याचं कारण म्हणून कायद्यात कुठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं आहे की अशा वेळी कसून शोध घ्यायला हवा, आणि तरीही कागद मिळाला नाही तर जबाबदारी निश्चित व्हायला हवी. प्रथम अपिलात दोनच मागण्या करा : शोध कुणी, कधी घेतला याची नोंद द्या, आणि कागद नष्ट केला असेल तर नष्ट केल्याची नोंद द्या. शिवाय तोच कागद दुसरीकडे असतो. पडताळणी अहवालाची स्थळप्रत (कार्यालयाने स्वतःकडे ठेवलेली प्रत) पोलीस कार्यालयात, अपिलाची फाईल गृह सचिवांकडे. तिथे स्वतंत्र अर्ज टाका.

अपिलाचं गणित काय?

उत्तर मिळाल्यापासून, किंवा मुदत संपल्यापासून, ३० दिवसांत प्रथम अपील, जोडपत्र ‘ब’, महाराष्ट्रात २० रुपयांचा स्टँप. त्याचा निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. माहिती नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करायचा भार अधिकाऱ्यावर असतो, तुमच्यावर नाही. अधिकाऱ्याला दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००. आयोगाकडे तारीख मिळायला फार वेळ लागतो, म्हणून पहिलं अपील घाईघाईत खरडू नका. बऱ्याचदा काम तिथेच होतं.

मी रक्षक आहे. एजन्सीवर कारवाई झाली का, हे विचारल्यावर नोकरी जाईल का?

अर्जात कारण द्यावं लागत नाही. पण त्रयस्थ पक्षाच्या नोटिशीतून तुमचं नाव एजन्सीपर्यंत पोचू शकतं, हे खरं आहे. युनियन असेल तर तिच्या एखाद्या पदाधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. अडकलेल्या पगाराची तक्रार कामगार आयुक्तालयात वेगळी करा, परवान्याच्या फाईलची वाट बघत बसू नका. त्या तक्रारीवरचा आदेश पुढे पसारा कायद्याच्या कलम १३ साठी आधारही होऊ शकतो.

मिळालेला आदेश ग्रुपवर किंवा बातमीत टाकू का?

आधी तारीख बघा. नकार, निलंबन आणि रद्द करणं या तिन्हींवर एजन्सीला ६० दिवसांत गृह सचिवांकडे अपील करता येतं, आणि त्यानंतर उच्च न्यायालयही आहे. आदेशाला स्थगिती मिळाली आहे का, हे विचारणारा एका ओळीचा अर्ज किंवा फोन आधी करा. मग आदेशाचे शब्द जसेच्या तसे द्या. ‘परवाना ३० दिवसांसाठी निलंबित’ असं लिहिलं असेल तर मथळ्यात ‘बोगस एजन्सी’ लिहू नका. रक्षकांची नावं, फोटो, फोन क्रमांक काळे करा. एजन्सीचं म्हणणं मागितलं असेल तर कधी मागितलं आणि काय उत्तर आलं, तेही सोबत छापा.